बंद यंत्र

फळ्यावरचं वाक्य अवघ्या चार शब्दांचं होतं: ‘घरातलं बंद यंत्र आणा.’ चित्रकलेच्या मुलांना जुनी यंत्रं, कॅसेटी, टीव्हीचे मोडके पडदे हाताळून त्यातून नवं काहीतरी करायला शिकवायचं, हा मॅडमचा विषय. प्राचार्य त्याला भंगारवर्ग म्हणायचे. मॅडम वरवर हसायच्या आणि घरी जाऊन तेच उगाळत बसायच्या. तशा त्या जन्माच्या काळजीखोर. इस्त्री बंद केली का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी ही बाई दुसऱ्यांच्या मुलांच्या हातात पेचकस देत होती, हेच मुळात नवल.

प्रदर्शनाच्या दिवशी, पाहुणे यायला दोन तास असताना, मुंगीच्या आईचा फोन आला. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर, सदा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत आणणारी. तिने प्लास्टरचं एक मुंडकं केलं होतं. मागचं बटण दाबलं की त्याचा गळा भुंग्यासारखा गुणगुणायचा. मॅडमनी आठवड्यापूर्वी तिची पाठ थोपटली होती आणि आत काय बसवलंय हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

आई घाईघाईने सांगत होती. मुंगीच्या आजोबांचा आवाज गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. गळ्याला एक छोटं यंत्र टेकवून ते बोलायचे. आजी गेल्यापासून दोन महिने त्यांनी ते हातात घेतलं नव्हतं, काय हवं-नको ते चिठ्ठीवर लिहायचे. आज सकाळपासून मात्र ड्रॉवर उपसत होते. ते यंत्र आता कुठे मिळत नाही, करणारी कंपनी केव्हाच उठली. मुंगीने तिकडे तर नेलं नाही ना? आम्ही निघालोच आहोत, अर्ध्या तासात पोचतो.

 मॅडम त्या मुंडक्याकडे अक्षरशः धावल्या. प्लास्टरच्या गळ्यात आजोबांचंच यंत्र होतं, उघडून सुटं करून बसवलेलं.

“तुम्हीच म्हणालात ना, बंद यंत्र,” मुंगी म्हणाली. “दोन महिने बंदच होतं ते. घेतलं तेव्हा बिघडलंय असंच वाटलं मला. आणि मी आजोबांना विचारलं होतं, मॅडम. ते नाही म्हणाले नाहीत.”

“नाही म्हणणार कशाने?”

मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला.  मॅडमना मात्र तिच्यावर धड रागावताही येईना. बिघडलेलं तेही बंद आणि थांबवून ठेवलेलं तेही बंद. वाक्य त्यांचंच होतं. ध चा मा करायला इथे अक्षरही बदलावं लागलं नव्हतं. एका माणसाचा आवाज आपण चार शब्दांत मोडला, असं त्यांना वाटलं.

वर्गाचा एक नियम होता: उघडण्याआधी चित्र काढायचं. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तार, जिथल्या तिथे. निम्मी मुलं तो टाळायची. मुंगीने वही काढली तेव्हा मॅडमना बघायचंही धाडस होईना. पण चित्र होतं, आणि असं नेमकं की स्क्रूच्या खाचासुद्धा तिने मोजून काढल्या होत्या.

वहीत बघत दोघी एकेक भाग बसवू लागल्या. शेवटी दोन तारा उरल्या, एक लाल, एक काळी. आणि चित्र पेन्सिलीचं. दोन्ही तारा करड्या.

“उलट्या जोडल्या तर?” मॅडमनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, आतला भाग जळायचा.

मुंगीने वही खिडकीशी नेली, डोळे बारीक केले. डावीकडची तार थोडी जास्त गडद होती. “काळ्या रंगाला मी पेन्सिल दाबते, मॅडम. नेहमीच.”

एवढ्या भरवशावर त्यांनी तारा जोडल्या. बटण दाबलं. काहीच नाही.  मग आठवलं, सेल घातलेच नव्हते. सेल घातले आणि यंत्र गुणगुणलं.

तोवर दारात आजोबा उभे होते, मागे आई. मॅडम पुढे झाल्या, चूक माझी आहे, हिची नाही, असं तीनदा म्हणाल्या. आजोबांनी ऐकून घेतलं, हात पुढे केला आणि यंत्र गळ्याला टेकवलं. आवाज एकसुरी, पत्र्यासारखा. पण शब्द स्वच्छ होते.

“तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली होती,” ते मुंगीला म्हणाले. “तू यंत्राकडेच बघत होतीस.”

मुंगीच्या हातात ती वही उघडीच होती, सगळ्या खाचांसकट. तिने ती मिटली आणि मान वर करून आजोबांकडे बघितलं. ते बरेच वाळले होते, आणि हे तिला आज दिसत होतं.

आईला राहवलं नाही. दोन महिने हात लावला नाहीत बाबा, मग आजच काय एवढं अडलं, असं तिने विचारलं.

आजोबांनी पुन्हा बटण दाबलं.

“हिचं प्रदर्शन आहे ना आज. शाब्बासकी काय चिठ्ठीवर लिहून द्यायची?”