यादीत नसलेला चॅनल

दोन हजार एकोणीस सालची गोष्ट आहे. सरकारचा नवा कायदा आला का बाप्पा, ज्याले जो चॅनल पाहाचा असन त्यानं त्याचेच पैसे द्या. कायदा वाईट नव्हता. पन दिघोरीतली केबल माही, म्हनून यादीचा कागद घेऊन घरोघर मलेच फिरा लागलं. पयले सारंच एका भावात दिसे, आता एकेका चॅनलचा वेगळा भाव. पुष्पाबाईनं त मले दारातूनच वापस पाठवलं. म्हने, सासू-सुनेचं भांडन माह्या घरी फुकट दिसते, तुले कायले पैसे देऊ?

असा फिरत धनीरामभाऊच्या घरी पोहोचलो. धनीरामभाऊ म्हनजे आमच्या दंडारीचा, गावच्या नाच-गान्याच्या नाटकाचा, ढोलकीवाला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याची ढोलकी बोडीच्या तळ्यापल्याड ऐकू जाये. चार वर्सं झाली होती, त्याले लकवा मारून गेला. जीभ गेली, उजवं अंग गेलं. डावा हात तेवढा हाले. दिवसभर बाजेवर, अन् समोर टीवी.

धुरपतावयनी म्हने, भजनाचा चॅनल लिहा, बाकी काही नोको. बिमार मानसाच्या कानावर देवाचं नाव पडलं पायजे. मी लिहूनही टाकलं असतं, अजून बारा घरं बाकी होती. पन कागदावर छापलं होतं, ग्राहकाची पसंती. अन् टीवी पाहनारा त बाजेवर होता. म्हनलं, वयनी, भाऊले त इचारू.

ती हासली. "त्यायले काय समजते जी आता?"

मी भाऊचा डावा हात धरला. म्हनलं, जो पायजे त्याचं नाव आलं का माहा हात दाब. भजनाचं नाव घेतलं. काही नाही. बातम्या, सिनेमा, कुस्ती, शेतीचा, सारी यादी वाचली. हात लाकडावानी पडून. मी उठाले लागलो, त त्यानं माहं मनगट पकडलं. सोडेच ना. डोळे केबलच्या डब्ब्यावर.

वयनीचं तोंड उतरलं.

डब्बा चालू केला का पयले माहा गावचा चॅनल लागे. त्याच्यावर मी दंडारीचं जुनं शूटिंग दाखवत जाओ. त्याच्यात धनीरामभाऊ ढोलकी बांधून उभा, दोन्ही हात चालून राहिले. वयनी सांगाले लागली, डब्बा लावला का हे चूप राहत, अन् भजन लावलं का कन्हत. "मले वाटे जी, अंग दुखून राहिलं." चार वर्सं रोज, दोन मिनिटातच तिनं तो चॅनल बदलवला होता.

तिनं बाजेजवळ बसून इचारलं, "गावचाच पायजे का?"

भाऊनं माह्या मनगटात नखं रुतवले.

आता मी काय सांगू? तो चॅनल मी परवाच बंद केला होता. लोकं केबल सोडून घरावर डिशची छत्री बसवून राहिले होते, चॅनलचा कम्प्युटर परवडेना, देऊन टाकला भंगारात. सारं शूटिंग त्याच्यातच होतं. दुसऱ्या कोनाजवळ नाही. सरकारनं साऱ्याचे भाव ठरवले, पन या चॅनलचा भाव कोनी इचारला नाही. मीही नाही.

वयनीले आंगनात बोलावून सांगितलं. ती पदर तोंडात धरून उभी राहिली. मंग हळूच म्हने, "त्यायले नोका सांगू. लाईन बिघडली म्हना."

तवापासून महिन्यातून एक खेप मी तिथं जाओ. वयनी मुद्दाम जोरानं इचारे, लाईन कवा सुधरवता जी. मी शिडी लावून कवेलूच्या छपरापर्यंत चढो, तार हातात धरो, अन् वरूनच इचारो, "आलं का वयनी?"

"नाही आलं जी. उद्या पाहा."

मंग तिथंच थांबो, तार धरून. खाली उतराची हिंमत होये ना. उतरलो का भाऊचा डावा हात माहं मनगट धराले वर आलेला राहे.