डाव्या हातचा घास

नीला डावरी आहे, ही गोष्ट नरसिंहरावांच्या घरात कधी मोठ्यानं बोलली गेली नाही. लग्नाच्या मुलीच्या अंगावरचा कोडाचा डाग झाकावा तसा तो हात झाकून ठेवलेला होता. लहानपणी पानावर बसली की तिचा डावा हात आधी भाताकडं जायचा. मग तिची आई, कस्तुराबाई, जुन्या लुगड्याचा काठ फाडून तो हात तिच्याच कमरेशी बांधून टाकायची. "स्वल्प दिवस रडेल, मग सरी होईल, ठीक होईल," असं शेजारणीला सांगायची. गाठ मात्र सैल ठेवायची, मनगटावर वळ उठू नये म्हणून रोज जागा बदलायची. शेवटी आईच ती.

आणि झालंही तसंच. नीला उजव्या हातानं जेवायला लागली, लिहायला लागली, देवाला फूल वाहायला लागली. पण कोणी बघत नसलं की सुईत दोरा ओवायला, रांगोळीची रेघ ओढायला डावाच हात पुढं यायचा, आणि ती रेघ अशी सरळ यायची की बघत राहावं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. आपली गंमत बघा, केळीच्या पानाची डावी बाजू लागते, तिथं मीठ, लिंबू, चटणी वाढल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. डाव्या हाताला तेवढी त्या पानावर जागा नाही.

नरसिंहरावांचं चिकपेटात रेशमी साड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर घर. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेली माणसं. मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायची ते त्यांचं त्यांना कळत नसे. अशा घराला चंद्रकांतचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुलगा साताऱ्याचा, शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, परदेशात वर्षभर शिकून आलेला. नव्यानं वसणाऱ्या राजाजीनगरात आईबरोबर राहत होता. आईला सगळे माई म्हणत. श्रावणात साखरपुडा झाला आणि तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त धरायचं ठरलं.

साखरपुड्यानंतरच्या पहिल्याच रविवारी चंद्रकांत माडी चढून आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. त्यात निघाले दोन काटे आणि दोन सुऱ्या.

"अण्णा, एक विनंती होती," तो नरसिंहरावांना म्हणाला. "कारखान्यात परदेशी साहेब आहेत. त्यांच्याकडं बायकांसकट जेवायला जावं लागतं. यांना आधीच थोडं शिकवलं तर पुढं फजिती व्हायची नाही."

नरसिंहराव हसले. "जेवायला शिकवणार? आमची मुलगी काय आजवर उपाशी वाढली?"

पण हौशी जावयाला नाही कोण म्हणणार. दुकानातलं कापड मोजायचं मेज वर आणलं गेलं. कस्तुराबाई पहाऱ्याला म्हणून शेंगा सोलत दाराशी बसली. कटलेट वगैरे त्या घरात येणं शक्य नव्हतं, तेव्हा विद्येचा आरंभ डोशावर झाला.

"सुरी उजव्या हातात," चंद्रकांत म्हणाला, "आणि काटा डाव्या."

नीलानं आईकडं पाहिलं. कस्तुराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "डाव्या? तोंडात घालायला?"

"हो, आई. तिकडं डाव्याच हातानं खातात. काटा उजव्या हातात धरला तर अडाणी समजतात."

"साहेब लोकांचं काय सांगावं," असं पुटपुटून कस्तुराबाईनं शेंग फोडली.

नीलानं काटा उचलला. इतकी वर्षं कमरेशी बांधलेला, मांडीवर दडवलेला तो हात डोशाकडं असा गेला की जणू रोज तेच करत होता. काटा टोचला, तुकडा कापला, अलगद तोंडाशी नेला. चटणीचा थेंबही सांडला नाही. चंद्रकांत आपली सुरी विसरून बघत राहिला.

"मला हे जमायला दोन महिने लागले," तो म्हणाला. "एकदा तर बटाटा उडून घरमालकिणीच्या मांडीवर पडला होता. तुमचा डावा हात म्हणजे कमाल आहे."

नीलाच्या रंगाचं कोणी कौतुक केलं होतं, आवाजाचं केलं होतं, लांब केसांचं तर सगळ्या गल्लीनं केलं होतं. त्या हाताचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चटणी तिखट आहे असं तिनं सांगितलं. त्या दिवसापासून ती त्याच्यावर जीव लावून बसली.

पुढचे रविवार असेच गेले. डोसा संपला, मग उकडलेले बटाटे आले, मग उपम्याच्या वड्या. शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, पण मास्तरही बोलेना आणि विद्यार्थीही. एका रविवारी आत दूध उतू जाण्याचा वास आला म्हणून कस्तुराबाई धावली, तेवढ्यात नीला म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. मी मुळातली डावरी आहे. घरच्यांनी लपवलंय. तुम्हाला फसवून मला तुमच्या घरी यायचं नाही."

चंद्रकांतनं हातातली सुरी खाली ठेवली. मग हसला. आपल्या ताटलीतला डोशाचा तुकडा त्यानं तिच्यापुढं सरकवला.

"भरव," तो म्हणाला. "त्याच हातानं."

तिनं काट्यानं तो तुकडा त्याच्या तोंडाशी नेला. हात जराही कापला नाही. त्यानं तो खाल्ला आणि म्हणाला, "या हातचं मी जन्मभर खाईन." तरुण माणसं असलं काहीबाही बोलून जातात. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि ऐकणारी पदराला गाठ मारून ठेवते. नीलानं ती गाठ लग्नापर्यंत दिवसातून कितीदा चाचपून पाहिली असेल कोण जाणे.

लग्नाच्या दिवशी, पंगत बसायच्या आधी, कस्तुराबाईनं मुलीला बाजूला घेतलं. एका रुमालात सुपारी बांधून तो तिच्या डाव्या मुठीत कोंबला. "घास भरवून होईपर्यंत हा सोडू नको. हात गुंतलेला बरा. माझी आण आहे बघ."

नवरानवरीचं पान मधोमध मांडलेलं, भोवती रांगोळी, समईचा उजेड. एका बाजूला माई आणि साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या जावा, दुसऱ्या बाजूला चिकपेटातली अर्धी गल्ली. चंद्रकांतनं नाव घेतलं आणि उजव्या हातानं जिलबीचा तुकडा नीलाला भरवला. मग सगळे तिच्या मागं लागले, नाव घे, नाव घे. तिनं खाली बघत घेतलं.

"चिकपेटच्या दुकानी रेशमाच्या राशी, चंद्रकांतरावांना घास देते भरल्या पंगतीपाशी."

आणि तिनं मुठीतला रुमाल पानाशेजारी ठेवला.

हात चुकला, असं नंतर सगळे म्हणाले. हात मुळीच चुकला नव्हता. उजवा हात आईनं शिकवलेला होता, लोकांसाठी कमावलेला होता. तिचा स्वतःचा असा हा एकच हात होता. जन्माचा पहिला घास त्यानंच द्यायचा, हे तिनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. चंद्रकांतला तो हात ओळखीचा होता. त्यानं मागून घेतलेला होता. तिनं जिलबीचा तुकडा डाव्या हातानं उचलला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

पंगतीनं माना वळवल्या. "अगंबाई, डावा हात," माईंच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. माईंचं जेवण थांबलं.

चंद्रकांतनं तो हात पाहिला. त्याला ओळख पटली, कारण त्याच्या ओठांवर हसू आलंही होतं. नीलानं ते पाहिलं. मग त्याची नजर आईकडं गेली, काकवांकडं गेली, आणि ओठ मिटले. त्यानं तोंड जरासं बाजूला केलं. "उजव्या हातानं दे," तो हलकेच म्हणाला. "लोक बघताहेत." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत म्हणाला, "घाबरलीय हो."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. कस्तुराबाई मागून वाकली, तिनं मुलीच्या डाव्या हातातली जिलबी काढून उजव्या हातात दिली, आणि तो उजवा हात धरून जावयाच्या तोंडापर्यंत नेला. त्यानं घास घेतला. टाळ्या पडल्या. डाव्या हाताची बोटं पाकानं चिकट झाली होती, ती पुसायची कशी हे नीलाला सुचेना. तिचं काळीज तुटलं ते तिथंच, भर पंगतीत, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतरचा संसार वाईट झाला असं म्हणता येणार नाही. चंद्रकांत वाईट माणूस नव्हता. पगार आणून हातात द्यायचा, तापात रात्रभर उशाशी बसायचा, कधी आवाज चढवला नाही. माईंनीही तो विषय काढला नाही. "वाढताना भाताला तो हात लावू नकोस हो," एवढं पहिल्या दिवशी सांगितलं, तेही गोडीनं. नीलानं ते पाळलं. नुसतं भातालाच नाही, सुईला आणि रांगोळीलाही तिनं तो हात लावायचा सोडला. दारातली रांगोळी आता जराशी वाकडी यायची. जेवताना डावा हात मांडीवर उताणा पडलेला असायचा. त्याला बांधायला आता लुगड्याचा काठ लागत नव्हता.

तिनं वाट मात्र पाहिली. कधीतरी तो म्हणेल, त्या दिवशी माझं चुकलं. किंवा काही म्हणणार नाही, नुसता एक घास मागेल. सण गेले, लग्नाचे वाढदिवस गेले. तो विसरून गेला होता. ज्याचा घास नाकारला गेला त्याच्याच लक्षात राहतं.

तिसऱ्या वर्षी साहेबाच्या बंगल्यावरून दोघांना रविवारच्या दुपारच्या जेवणाचं बोलावणं आलं. पांढरी चादर घातलेलं लांब मेज, आणि शाकाहारी म्हणून यांच्यासाठी मुद्दाम केलेल्या भाज्या. नीलानं सुरी उजव्या हातात घेतली, काटा डाव्या. हात विसरला नव्हता. साहेबाची बायको बघत राहिली आणि म्हणाली, आमच्याकडच्या मुलींनाही इतकं नेटकं जमत नाही. चंद्रकांत खुलला. "मीच शिकवलंय," तो इंग्रजीत म्हणाला. "पहिल्याच दिवशी जमलं तिला." सगळ्यांनी तिच्या हाताकडं कौतुकानं पाहिलं, आणि तिला रडू कोसळेल असं वाटलं. परक्यांच्या मेजावर हा हात त्याला मिरवायला हवा होता. त्याच्या माणसांत तो त्याला नको होता.

घरी आले तेव्हा दुपार कलत होती. माई साताऱ्याला गेल्या होत्या. येताना चंद्रकांतनं म्हैसूरपाकाची पुडी घेतली होती, ती त्यानं मेजावर सोडली आणि खुर्ची ओढून बसला. चेहऱ्यावर तेच चिकपेटच्या माडीवरचं हसू होतं.

"नीला, एक वडी भरव ना," तो म्हणाला. "त्या हातानं. आता कोण बघतंय?"

याच मागणीसाठी ती तीन वर्षं थांबली होती. तिनं पटकन वडी उचलली, डाव्याच हातानं. तो तोंड उघडून बसला होता, लहान मुलासारखा. हात त्याच्या हनुवटीपर्यंत गेला आणि तिथं थांबला. तिला मनापासून भरवायचं होतं. राग नव्हता, सूड तर नव्हताच. पण हात पुढं जाईना. मग तिच्या आईनं केलं होतं तेच तिनं केलं. वडी डाव्या हातातून काढून उजव्या हातात घेतली आणि त्याला भरवली.

चंद्रकांतनं ती खाल्ली नाही, नुसती तोंडात धरली. इतक्या वर्षांनी त्याला काहीतरी आठवलं असावं. त्यानं तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात तिथं नुसता पडून राहिला.

"नीला, त्या दिवशी मी..." तो म्हणाला.

त्याचे भरलेले डोळे तिला बघवेनात. काहीतरी तोड काढायला हवी असं तिला वाटलं, आणि तिला खरोखर जे सुचलं ते ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात, त्याला बरं वाटावं म्हणून.

"अहो, काटा आणू का? काट्यानं भरवते. काट्याला चालतो हा हात."

ती आत गेली आणि काटा घेऊन आली. डाव्या हातात धरून तिनं तो वडीला टोचला. म्हैसूरपाक तो, काटा लागताच त्याचा भुगा झाला. तिनं दुसऱ्या वडीला टोचला, तिचाही झाला. ती टोचत राहिली. चंद्रकांत ओंजळीत तोंड घालून बसला होता, आणि ती त्याला समजावत होती की थांबा, एक तरी अख्खी निघेल.