गुलाबी पितळ

माणसं फिरतात, सरकारं फिरतात, उत्तरेकडचा वारासुद्धा दुपारनंतर फिरतो. पितळ तेवढं कधी फिरत नाही. हा सिद्धांत ओर्विन हाउग्स्टाड मिनेसोटातल्या आपल्या गावी, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना, कुणी विचारलेलं नसताना वर्षानुवर्षं सांगत आला होता. सोमवारी सकाळी त्यानं मागच्या पडवीतल्या पातेल्यात डोकावून पाहिलं, तर त्याचं पितळ गुलाबी झालं होतं.

पातेल्यात बापाच्या रायफलीच्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या होत्या. त्या मापाची काडतुसं कारखान्यानं केव्हाच बंद केलेली. म्हणून दर वर्षी पुंगळ्या बर्फातून वेचायच्या, धुवायच्या, त्यात नवी दारू आणि नवी गोळी भरायची. पुंगळ्या गेल्या की रायफल भिंतीवर जाणार, आणि बापानं बांधलेल्या मचाणावर ओर्विनला दुकानातली कुठलीतरी बंदूक घेऊन बसावं लागणार. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं त्याचं मत होतं. हरणांचा हंगाम शनिवारी सुरू होत होता.

धुण्याची रीत साधी. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, थोडा वेळ पुंगळ्या बुडवायच्या, मग साध्या पाण्यानं खळखळून घ्यायच्या. पण हाच आंबटपणा जास्त झाला, कुणी वरून व्हिनेगरची बाटली रिकामी केली, तर पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे तांबं उरतं. अशी गुलाबी पुंगळी दिसते नव्या नवरीसारखी आणि फुटते ऐन नाकासमोर.

ओर्विननं चमचा सपाट घेतला होता. पुंगळ्या बुडवून तो टपाल आणायला फाटकापर्यंत गेला, तिथं टपालवाल्याशी हवेबद्दल दोन शब्द बोलला, आणि त्या दोन शब्दांना अर्धा तास लागला. तेवढ्यात पडवीतून एकच परका माणूस घरात गेला होता. परका म्हणजे मेव्हणा, डेलमार.

डेलमारचं मचाण ओढ्याच्या पलीकडं. उन्हाळ्यापासून बारा फाट्यांच्या शिंगांच्या ज्या नरावर ओर्विनचा डोळा होता, त्याच्यावर डेलमारचेही दोन्ही डोळे होते. ओर्विनला आणखी पुरावा लागत नव्हता, तरी तो गोळा करायला स्वयंपाकघरात शिरला आणि पळवाट राहू नये म्हणून दाराजवळच्या खुर्चीत घट्ट बसला.

"आत कुठून आलास, डेलमार?"

"दारातून."

"कुठल्या?"

"उघडं होतं त्या."

"पडवीत काही पाहिलंस?"

"पातेलं पाहिलं. म्हटलं, आर्डिसनं सरबत केलंय."

"चाखलंस?"

"काडतुसांचं सरबत मी पीत नाही."

म्हणजे यानं आत नीट वाकून पाहिलं होतं. ओर्विननं मनात नोंद केली.

एवढ्यात ओर्विनच्या बायकोनं, आर्डिसनं, सफरचंदाचा केक भावापुढं धरला. "घे, डेल." आणि डेलमारनं घेतला! त्या मुलखात पहिल्या आग्रहाला "नको" म्हणायचं, दुसऱ्याला "अगं, कशाला" म्हणायचं, आणि तिसऱ्याला नाइलाज असल्यासारखं बशी पुढं करायची. पहिल्याच आग्रहाला केक घेणाऱ्या माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं, आणि चित्त ठिकाणावर नसायला मनात काहीतरी असावं लागतं.

ओर्विननं खिशातून एक गुलाबी पुंगळी काढून टेबलावर उभी केली.

"छान आहे," डेलमार म्हणाला. "आणखी एक असली तर आर्डिसच्या कानात शोभेल."

"व्हिनेगर किती ओतलंस?"

 इतकं सरळ त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. लग्नाची मागणीसुद्धा ट्रॅक्टरच्या विषयातून निघाली होती.

"मी?" डेलमारनं काटा खाली ठेवला. "अरे, त्या रायफलीवर तुझ्या बापानं मला नेम धरायला शिकवलं. तिचं तोंड बंद करीन मी? एका हरणासाठी?"

"बारा फाटे आहेत त्याला."

"चौदा आहेत," डेलमार म्हणाला, आणि त्यामुळं त्याची बाजू काही बळकट झाली नाही.

"भांडताय कशावरून?" आर्डिस भांडी पुसता पुसता म्हणाली. "व्हिनेगरची बाटली तर अजून फोडलेलीही नाही. पडवीत आंबट पाणी आयतं होतं, म्हणून मी बरण्यांच्या झाकणांच्या गंजक्या लोखंडी कड्या त्यात घासून घेतल्या."

"कशानं घासल्यास?"

"तारेच्या घासणीनं. मग काय, चांगलं पाणी वाया घालवू?"

त्या सबंध जिल्ह्यात चांगलं काही वाया घालवणं म्हणजे पापच. ओर्विनला आता सगळं उमगलं. आंबट पाण्यात लोखंड पडलं की पाण्यात उतरलेलं तांबं पितळेवर जाऊन बसतं. नुसता मुलामा, आतून पितळ शाबूत. त्यानं बसल्या जागीच आर्डिसकडून ओल्या फडक्यावर खायचा सोडा मागून घेतला, पुंगळी घासली. गुलाबी रंग फडक्यावर आला आणि खाली पिवळंधमक पितळ उघडं पडलं. त्याच्याबरोबर ओर्विनही उघडा पडला.

त्यानं माफी मागितली. म्हणजे केकचा दुसरा तुकडा डेलमारपुढं सरकवला.

"नको," डेलमार म्हणाला.

"घे रे."

"अरे, कशाला."

"घे म्हणतो ना."

"नको."

तिसऱ्यांदा नको!  असं त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. डेलमार उठला, जाकिटाच्या गुंड्या लावल्या, दारापर्यंत आला आणि थांबला. जाईना. नुसता उभा. ओर्विननं ओळखलं: आता हा भरपाई मागणार. मचाण मागणार. बापाचं मचाण! देणं भागच होतं. निदान शनिवारची सकाळ तरी. 

"मागायचंय ना काही? माग."

"राहू दे."

"माग म्हणतो ना."

"तुला वाईट वाटेल."

"वाटू दे. माग!"

डेलमारनं घसा खाकरला.

"जरा उठतोस का?" तो म्हणाला. "आल्यापासून माझ्या टोपीवर बसला आहेस."