तात्यांची मिशी आणि फंडाचा भाव

डावी

"गेले! बुडालो!"

आरशाला टेकवलेल्या फोनवर म्युच्युअल फंडाचा भाव बघून न्हावी ओरडला. तेवढ्यात वस्तरा घसरला आणि तात्यांची मिशी गेली. डावी. अख्खी.

साधीसुधी मिशी नव्हे ती. गावात कुणी वाट विचारली तर लोक सांगत, "मिशीवाल्याच्या शेतापासून वळा."

झाडाखालच्या त्या खुर्चीत तात्यांनी ओठावरून हात फिरवला. मग अगदी हळू विचारलं, "किती पडला भाव?"

"दहा रुपयांतला एक गेला, तात्या! दुकानाचे पैसे हो. उन्हात उभा राहून जमवलेले. आत्ताच्या आत्ता सगळे काढून घेतो."

"दुकान कधी टाकायचंय?"

"पाच-सहा वर्षांनी."

"मग आज कशाला गळा काढतोस?"

पाण्याची घागर घेऊन आलेली न्हाव्याची बायको तिथंच थांबली. "विचारा, विचारा. घरखर्चाचे, दुखण्याखुपण्याचे मी आधीच बाजूला काढलेत. फंडात गेले ते उरलेले, तेही कितीतरी कंपन्यांत विखुरलेले. पण हे घास तोंडात ठेवून भाव बघतात. काल शेळी चारा खाईना, तर म्हणे तिलासुद्धा बाजार पडल्याचं कळलं!"

उजवी

तात्या उठले.

"बसा हो," न्हावी गयावया करू लागला. "अर्धी मिशी घेऊन कुठं जाता? उरलेली काढतो, सारखं दिसेल."

"अर्धी गेली म्हणून उरलेलीही काढून टाकू? डोकं आहे की खोकं?"

न्हाव्यानं वस्तरा पुसला. फोनकडे पाहिलं. तात्यांच्या मिशीकडे पाहिलं.

"डावी परत येईपर्यंत फोन उघडायचा नाही," तात्या म्हणाले. "उघडलास तर वस्तरा माझ्या हातात आणि तुझं डोकं माझ्या पुढ्यात."

बायकोनं फोन उचलला नि पदरात गुंडाळला. "हा आता घरी धान्याच्या कणगीत. फंडाचा महिन्याचा हप्ता मात्र चालूच राहील."

"अगं, पडत्या भावात?"

"बियाणं स्वस्त झालं तेव्हा तात्यांनी दोन पिशव्या जास्त घेतल्या. रडत घेतल्या का?"

"आणि भाव परत आलाच नाही तर?"

"पावसाचं तरी कोण लिहून देतं?" तात्या म्हणाले. "म्हणून तर मी सगळं शेत एका पिकाला देत नाही."

आणि अर्धी मिशी मिरवत ते बांधाबांधानं निघून गेले.

दोन्ही

फोन नाही, तर न्हावी मिशी बघू लागला. गावही. पारावरून लोक विचारत, "तात्या, आज भाव काय?" उभा जन्म न्हाव्यानं केस कापण्यात घालवला, केस वाढायची वाट मात्र पहिल्यांदाच पाहत होता. सकाळ झाली की तात्यांच्या बांधावर हजर.

"बघू, किती आली?"

"रोज उकरून बघितलं तर बी उगवेल का रे गाढवा? हो बाजूला, पेरणी करू दे!"

पाऊस लागला. तात्यांच्या रानात कुठं दाट, कुठं विरळ, पण हिरवं दिसू लागलं. ओठावरही तसंच. शेवटी एका सकाळी तात्या दोन्ही बाजूंना पीळ देत खुर्चीत बसले.

बायकोनं कणगीतला फोन काढून, चार्ज करून आणला. न्हाव्यानं त्यावरची धूळ फुंकली, डोळे मिटले, एक उघडला.

"आला! भाव जागेवर आला, तात्या! वर एका दाढीचे पैसे सुटलेत!"

"मग आजची दाढी फुकट," तात्यांनी मान मागं टाकली. "पण आधी तो फोन कणगीत टाकून ये."