हा त्रिकोण आहे का?

त्रिकोणाची दुसरी बाजू काढायला घेतली आणि पहिली पुसली गेली.

चौथीचा वर्ग खो खो हसला. बाईंनी हात झटकन मागे घेतला. खडूच्या फळ्यावर एकतीस वर्षं त्यांनी तळहात टेकवूनच रेषा ओढल्या होत्या. या नव्या स्मार्ट बोर्डाला तळहात म्हणजे डस्टर वाटायचा. टेकला की पुसलंच!

मागच्या बाकावर तपासणीला आलेल्या मॅडम मांडीवर टॅब घेऊन बसल्या होत्या. “बाई, हात उचलून काढा ना. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.”

“हो, हो. जुनी सवय, दुसरं काय.”

सवय कसली! टेकवला नाही तर हात थरथरायचा. चार महिने झाले होते. ठाऊक होतं फक्त लेकीला, आणि ती रोज म्हणायची, “आई, शाळेत सांगून टाक.” सांगायला हिचं काय जातंय! गुडघे गेलेल्या खेळाच्या सरांचं काय झालं ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आठवडाभरात मैदान सुटलं आणि ते ऑफिसात पाकिटं चिकटवत बसले. वर्ग गेला तर आपण करायचं काय, या विचाराने बाईंना रात्र रात्र झोप लागत नव्हती.

त्यांनी जीव मुठीत धरून हात उचलला. खडू असता तर थोडंफार झाकलं गेलं असतं. पण बोर्ड पडला इमानदार! प्रत्येक थरथर त्याने जाड निळ्या रेषेत सगळ्यांसमोर मांडली. तिन्ही बाजू वेड्यावाकड्या आल्या.

“बाई, हे काय काढलंत?” पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

बाईंच्या मदतीला एकतीस वर्षांची जीभ धावली. “तूच सांग. हा त्रिकोण आहे का?”

“नाही!” सगळा वर्गच ओरडला.

“का बरं?”

“बाजू सरळ नाहीत!”

“शाब्बास. घ्या लिहून वहीत.”

मॅडमची कळी खुलली. “वा! मुद्दाम चुकीचा काढलात. आता बरोबर काढून दाखवा, मी व्हिडिओ घेते.”

टॅब वर आला. आयता त्रिकोण टाकायचं बटण बोर्डावर होतं, पण कुठे, ते बाईंना भीतीने पार विसरायला झालं. त्यांनी पेन पुढे नेलं. परत मागे घेतलं.

“मुद्दाम नव्हता काढला, मॅडम. हात थरथरतो माझा.”

मॅडमनी टॅब खाली ठेवला आणि त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मला हे लिहावं लागेल, बाई.”

“लिहा. आजच्या वह्या तेवढ्या तपासू द्या.”

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी एकेक वही उघडली. मुलांनी बोर्डावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं. प्रत्येक वाकडं वळण, जमेपर्यंत पुन्हा पुन्हा खोडून. चौतीस वह्यांत बाईंचा हात उमटला होता. त्याखाली नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : ‘हा त्रिकोण नाही. याच्या बाजू सरळ नाहीत.’

उत्तर बरोबर होतं. बाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि बरोबरची खूण केली.