दाराखालचा टॉवेल

सरांच्या घरात पाऊल टाकलं की आधी नाकात घुसायचं ते अत्तर. मग त्याच्याआडून, हळूच, दुसरा वास. त्या दुसऱ्या वासाचं मावशीला काही नव्हतं. अठरा वर्षं लोकांचं हगलं-मुतलं काढत तिनं दोन मुली मोठ्या केल्या होत्या. तिला शिसारी यायची ती अत्तराची.

सर निवृत्त प्राध्यापक. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, डावा हात तेवढा हलायचा. हो म्हणायचं असेल तर बाई एकदा डोळे मिटून उघडायच्या. सकाळी आठ ते रात्री आठ मावशी, पुढचं सरांकडे. रात्रीचं काम एकच: दर दोन तासांनी बाईंची कूस बदलायची. पडून पडून माकडहाडावर जखम झाली होती, आणि ती हाडापर्यंत गेली तर बाई वाचायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

कपाटावर तक्ता चिकटवला होता. दहा, बारा, दोन, चार, सहा. सरांच्या पाचही खुणा रोज जागच्या जागी, अक्षर मोत्यासारखं. आणि जखम मात्र बाटलीच्या झाकणाएवढी होती ती वाटीएवढी झाली.

शनिवारी दुपारी सर दाराशी आले. आत नाहीच, दाराशी. नाकाला रुमाल.

"मावशी, दार लावून घेत जा हो. उद्या माणसं येणार आहेत, माझं व्याख्यान आहे."

"सर, जखम चिघळलीय. वास येणारच."

सरांना शिकवल्याशिवाय राहवतंय कुठे! "वास म्हणजे काय, माहितीय? अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय लोकांनी. जग म्हणजे बारीक बारीक कण आणि मोकळी जागा, बस. वस्तूचे कण सुटतात, आपल्या नाकात शिरतात, तोच वास. त्याचा त्रास करून घ्यायचा नाही. मन शांत ठेवायचं."

"म्हणजे हे बाईंचेच कण?"

"अगदी बरोबर!" सर खूश झाले. मग त्यांनी दार ओढून घेतलं, आणि बाहेरून फटीत टॉवेलची गुंडाळी कोंबल्याचा आवाज आला.

मावशीला त्या दाराकडे बघून वाटलं, थुंकावं.

संध्याकाळी बाईंना भरवून तिनं पाठीवर ठेवलं. जेवण उतरलं की दहा वाजता सर कुशीवर करतील, असा रोजचा शिरस्ता. जाताना तिनं चादरीवर, बाईंच्या अंगाला लागून, पावडरची बारीक रेघ ओढली. डोक्यात शंका आली होती, आणि मावशी शंका घेऊन झोपणाऱ्यातली नव्हती.

सकाळी रेघ जशीच्या तशी. तक्त्यावर पाच खुणा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी तिनं बाईंना कुशीवर केलं, पू पुसला, जखम धुतली. बाईंच्या डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळलं, तेही पुसलं. लबाड म्हातारा! बायको कुजवत ठेवतो आणि खुणा मोत्यासारख्या करतो!

साडेनऊला हॉलमध्ये आठ-दहा माणसं जमली. विषय होता प्राचीन अणुवाद आणि आपलं रोजचं जगणं. सरांनी दार ओढून फटीत पुन्हा टॉवेल कोंबला होता, तरी त्यांचा आवाज आत येत होता.

"शरीर म्हणजे कणांची तात्पुरती गाठ. एवढं उमजलं की भीती जाते, किळस जाते. उरते ती शांती."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मावशी बाईंच्या कानाशी वाकली.

"बाई, उघडू का दार?"

बाईंनी डोळे मिटले. उघडले.

मावशीनं दार सताड उघडलं आणि टॉवेल पायानं उडवला. वास बाहेर पडायला क्षणभर लागला. मग एकीनं चहाचा कप खाली ठेवला, एकानं मान फिरवली, दोघांचे रुमाल निघाले. भीती, किळस वगैरे सगळं होतं तिथंच होतं.

"मावशी, दार!" सर ओरडले.

"राहू दे उघडं. कालच शिकवलंत ना, हे बाईंचेच कण? टॉवेल लावून कोंडलं होतंत त्यांना. आल्यात आता पाहुण्यांना भेटायला."

"आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. काल रात्री मी त्यांच्या अंगालगत पावडरची रेघ ओढली होती. सकाळी एक कणही हलला नव्हता, आणि तुमच्या खुणा पाच! दहा वाजलेत, कूस बदलायची वेळ झाली. मी सांगते, तुम्ही करा."

सगळे बघत होते. चारचौघांत नाही म्हणणार कसं? सर उठले, आत आले, रुमाल नाकाला लावून पलंगाशी उभे राहिले.

"दोन्ही हात लागतात," मावशी म्हणाली.

रुमाल खिशात गेला. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. सर वाकले तशी त्यांची अत्तरानं भिजलेली कॉलर बाईंच्या चेहऱ्यावर आली.

बाईंचा डावा हात हळूहळू वर येऊ लागला. सर थांबले. त्यांनी गाल जरा पुढे केला.

बाईंनी त्या हातानं आपलं नाक घट्ट दाबून धरलं.