दहाजणींची बाटली

तांदळाच्या कोठीत पारदाच्या टिकड्या टाकता टाकता चंद्रकलाचा हात थांबला. अश्विनने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला होता. त्यातला पांढऱ्या कोटातला माणूस हिंदीत ठासून सांगत होता, की स्वाइन फ्लूच्या लशीत पारा घालतात, बाटलीच्या रबरी बुचाचा अंश औषधात उतरतो आणि हे सगळं आईच्या रक्तातून पोटातल्या लेकरापर्यंत पोहोचतं.

"माय, तू हेच देऊन राहिली ना लोकाइले?" अश्विनने विचारलं.

त्याच्या आवाजात आरोप नव्हता, भीती होती. त्याची बायको रुचिका आत चुलीपाशी बसली होती, सातवा महिना लागलेला. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी ती पवनीच्या दवाखान्यातून घरी आली आणि पुढचे कित्येक दिवस कोणाशी बोलली नाही. या खेपेला घरात सगळेच दबकून वागत होते. भांडंसुद्धा कोणी जोरात आपटत नव्हतं.

चंद्रकला मुलाला म्हणाली, की मोबाइलवर कोणीही कोट घालून बसतं, तू आपलं काम पाहा. ती गावची आशाबाई होती. असं बोलणं तिच्या तोंडी बसलं होतं. पण अश्विन बाहेर गेल्यावर तिने कोठीत हात घालून टाकलेल्या टिकड्या एकेक करून बाहेर काढल्या. किडीसाठी पाऱ्याची टिकडी घालायची रीत गावात घरोघर होती आणि तो भात खाऊन आजवर कोणाला काही झालं नव्हतं. तरी तिने काढल्या, आणि हात दोनदा राखेने घासून धुतले.

हे गाव म्हणजे पुनर्वसन. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं इथल्या सरळ रेघेतल्या गल्ल्यांमध्ये आणून बसवली. जागा देताना सरकारने काय काय कबूल केलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं, आणि काय मिळालं तेही. त्यामुळे सरकारी म्हटलं की गावाचं नाक आधी मुरडे. औषध, बियाणं, शिबिर, काहीही असो. त्यातल्या त्यात चंद्रकलाचं ऐकत, आणि त्याला कारण होतं. पोलिओचा डोस आला तेव्हा तिने चावडीत सगळ्यांसमोर अश्विनला उचलून आधी त्याच्या तोंडात थेंब टाकायला लावले होते. कोरोनाची लस आली, तेव्हा लोक शेतात जाऊन लपले. तेव्हाही तिने पारावर खुर्ची मांडून आपला दंड उघडा केला होता. आधी माझ्या घरचं, मग तुमचं. एवढ्या एका गोष्टीवर तिची आजवरची नोकरी चालली होती. नोकरी कसली, मानधनच ते, पण बाईला गावात मान होता.

स्वाइन फ्लूची लस गरोदर बायांना द्यायची असा निरोप आला, तेव्हाही ती घरोघर तेच सांगून आली, की आधी माझ्या सुनेला देते.

दुसऱ्या दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांपुढे उभी राहिली. डॉक्टर वयाने लहान होते पण माणूस सरळ. त्यांनी काही लपवलं नाही. पाऱ्याचा एक प्रकार असतो, म्हणाले, पण नाममात्र. दहाजणींच्या बाटलीत दहा वेळा सुई जाते, प्रत्येक वेळी जंतू आत शिरण्याची भीती, म्हणून तो घालावा लागतो. शरीरातून तो लवकर निघूनही जातो. रबराची कोणाला ॲलर्जी आहे का, ते आपण आधी विचारतोच. एकेकीच्या वेगळ्या सुया बाजारात मिळतात, त्यात तो नसतो, कारण तिथे गरज नसते. पण गरोदर बाईला हा ताप गाठला तर वाचवणं कठीण जातं, तेव्हा लस घेणंच शहाणपणाचं. या बाटलीने आजवर कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही, हेही ते म्हणाले.

चंद्रकलाने सगळं मन लावून ऐकलं. घरी येईपर्यंत त्यातले दोनच शब्द तिच्यापाशी उरले होते. त्यात नसतो.

त्याच आठवड्यात ती रुचिकाला घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेली. खासगी दवाखान्यात काचेच्या दारामागे थंडगार खोली होती. नर्सने रुचिकाच्या डोळ्यांदेखत एकटीचं पाकीट फाडलं, एकटीची सुई काढली. रुचिका हसत बाहेर आली, अजिबात दुखलं नाही म्हणाली. चंद्रकलाच्या छातीवरचं ओझं उतरलं. परतीच्या एसटीत तिने सुनेला बजावलं, की गावात कोणाला सांगू नको.

आणि गावात तिने सांगितलं, "माया सुनेले देल्ली. चांगली हाय." यात एकही शब्द खोटा नव्हता. कुठे दिली, हे तिला कोणी विचारलं नाही.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाया जमल्या. उपकेंद्राच्या नर्स ललिताबाई लशीचा डबा घेऊन बसल्या होत्या. बाटली एकदा फोडली की उरलेलं औषध फेकावं लागतं आणि वरून बोलणी बसतात, म्हणून चार बाया गोळा झाल्याशिवाय त्या बाटलीला हात लावत नसत. आज बाया पुऱ्या होत्या. सगळ्यांत पुढे अंजू होती. नत्थू मासे धरायला धरणाच्या पाण्यावर जात असे, त्याची ही बायको, चंद्रकलाच्या समोरच्याच घरातली. रुचिका आणि ती एका महिन्याच्या अंतराने बाळंत व्हायच्या होत्या. अंजूची सासू ताराबाई लशीच्या नावाने बोटं मोडत होती, पण अंजूने तिला ऐकवलं होतं, की मावशीने आपल्या सुनेला दिली तर मलाही घ्यायची आहे.

ललिताबाईंनी बाटली उचलली तेवढ्यात अंजू उठून उभी राहिली.

"मावशी, रुचिकाले याच बाटलीतली देल्ली का?"

सकाळी नळावर तिने रुचिकाला सुई दुखते का विचारलं होतं. रुचिका भोळी. मैत्रिणीला धीर द्यायच्या नादात तिने थंडगार खोली, काचेचं दार, एकटीचं पाकीट, सगळं सांगून टाकलं होतं.

चंद्रकलाला खोटं बोलता आलं असतं. ललिताबाईंनी कदाचित सांभाळूनही घेतलं असतं. पण अंजू तिच्या तोंडाकडे बघत होती आणि त्या बघण्यात अजून विश्वास होता, म्हणून तिला खोटं जमलं नाही.

"भंडाऱ्यात देल्ली," ती म्हणाली.

"इथची चांगली हाय तं तिथी कायले नेलं?"

चंद्रकलाला डॉक्टरांचं सगळं बोलणं आठवत होतं, नाममात्र, निघून जातो, धोका नाही. ते तिने याच बायांना त्यांच्या दारात उभं राहून समजावलं होतं. आता तिच्या तोंडून ते निघेना, कारण जे स्वतःला पटलं नाही ते दुसऱ्याला विकायला निघालेली बाई सगळ्यांना दिसली होती. एकेक बाई पदर सावरत उठली. कोणी भांडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

अंजू शेवटी निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुमी नुसतं घे म्हनलं असतं तं मी घेतली असती, मावशी. पन आता मले बी तेच पायजे जे रुचिकाले देल्लं. मी काय तिच्याहून कमी हाव का?"

ललिताबाईंनी न फोडलेली बाटली परत बर्फात ठेवली. "बाई, मले तरी सांगाचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चंद्रकला ताराबाईच्या अंगणात गेली. अंजूला मी स्वतः भंडाऱ्याला नेते, खर्चही माझा, असं तिने सांगितलं. ताराबाईने सुपातून मान वर केली नाही. आमची सून आम्हाला जड नाही, म्हणाली, नत्थू नेईल. नत्थू म्हणाला, या खेपेची मासोळी विकली की जाऊ. चंद्रकलाने जास्त ताणलं नाही. ताणायचा हक्क आपण घालवून बसलो असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या अंगणातून लवकर निघता आलं याचं तिला बरंही वाटलं.

मासोळी विकण्याआधी अंजूला ताप भरला. घरच्यांनी आधी साधी सर्दी समजून काढा दिला. मग पवनी, मग भंडारा, मग तिथून नागपूर. चंद्रकला भंडाऱ्यापर्यंत रुग्णवाहिकेत सोबत होती. अंजू श्वासासाठी ओढ घेत होती आणि मधूनच पोटावर हात ठेवून बघत होती. चौथ्या दिवशी ती घरी आली ती पांढऱ्या कपड्यात. पोटातलं पोटातच राहिलं.

महिन्याभराने जिल्ह्यावरून चौकशीला माणसं आली. गरोदर बाई दगावली की येतात. ताराबाईच्या अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा झाला. चंद्रकला भिंतीला टेकून उभी होती. लस घेतली होती का, असं साहेबांनी विचारलं. नत्थूने आईकडे पाहिलं.

"नाई घेतली," ताराबाई म्हणाली. "आशाबाईनं लय सांगतलं, पैसेबी देतो म्हनलं. आमीच नाई आयकलं."

चंद्रकलाला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. ही बाई तिला वाचवत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर उपकाराचा मागमूस नव्हता. ताराबाई जे बोलत होती ते तिचं खरं होतं. सुपातून मान वर न केल्याची ती संध्याकाळ ती रोज उगाळत बसली असणार. गरिबाच्या घरी दोष बाहेर ठेवायलाही जागा नसते, ती माणसं तो आपल्याच उशाशी घेऊन निजतात.

"साहेब," चंद्रकला पुढे झाली, "अंजूनं नाई नोयतं म्हनलं. ते बाटलीपाशी आली होती. मी माया सुनेले दुसरी देल्ली म्हनून ते वापस गेली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आशाताई, तुमच्या सुनेने कुठे घेतली त्याच्याशी आम्हाला काही करायचं नाही, म्हणाले. कुटुंबाने नकार दिला एवढं पुरेसं आहे. त्यांना लाखांदूरलाही जायचं होतं. गाडी गेल्यावर ताराबाई उठली आणि चहाचे कप गोळा करून आत गेली.

रुचिकाला मुलगी झाली. चांगली भरलेली, काळ्याभोर जावळाची. बारशाला गूळ-खोबरं वाटलं, लोकांनी ते दारातच घेतलं, आत कोणी आलं नाही. दीड महिन्याच्या सुईची वेळ आली तेव्हा अश्विन म्हणाला, की भंडाऱ्याला नेऊ. चंद्रकला नाही म्हणाली. बाळाची ती सुईही उपकेंद्रात दहाजणांच्या बाटलीतूनच निघायची आणि त्यातही तोच पारा असायचा. डॉक्टरांकडून तिने पुन्हा सगळं समजून घेतलं होतं, या वेळी शेवटपर्यंत. रुचिकाने पोरीला छातीशी दाबून धरलं.

"आई, एवढ्या वेळची माफी द्या. माया पोरीवर कायले दाखवता गावाले?"

"अंजूच्या पोरानं काय केलं होतं?" चंद्रकला म्हणाली. रुचिकाने बऱ्याच वेळाने पोरगी हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आदल्या दिवशी चंद्रकला सगळ्या गल्ल्या फिरली होती. माझ्या नातीला देते आहे, बघायला या, असं तिने प्रत्येक दारात सांगितलं होतं. अंगणवाडीत कोणी आलं नाही. कोपऱ्यात ललिताबाई आणि त्यांचा डबा. आपली भीती गेली असेल असं तिला वाटलं होतं, ती गेली नव्हती. पावडर लावलेली ती इवलीशी मांडी उघडी करताना तिची बोटं वळेनात.

ललिताबाईंनी एकट्या पोरीसाठी बाटली फोडली.

सुई गेली आणि पोरगी आधी गप्प झाली, मग श्वास कोंडून रडली. चंद्रकला तिला खांद्याशी घेऊ पाहत होती आणि तिला ते जमत नव्हतं. दारात कोणीतरी उभं असल्याचं तिला तेव्हा दिसलं. ताराबाई होती. केव्हा आली, किती पाहिलं, कळायला मार्ग नव्हता.

"दे इकडं," ताराबाई म्हणाली. "तुये हात कापून राहिले."

तिने पोरीला आडवी घेतली, डोकं कोपराच्या खळीत नीट बसवलं आणि पदराचं टोक सुईच्या जागेवर हलकेच धरलं. मग ती हळूहळू डुलायला लागली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, एखादं नाव असावं, रुचिकाच्या पोरीचं नव्हतं. पोरीचं रडणं कमी होत गेलं, हुंदके उरले, मग तेही थांबले. ताराबाई डुलतच राहिली. ललिताबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या तशाच बसून राहिल्या. चंद्रकलाने पोरगी परत मागितली नाही.